मेटा आणि पॅरा वेगळे करायचे कसे?

रसायनी-खोपोली पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी गॅस क्रोमॅटोग्राफ चालवतो. आम्ही त्याला ‘जीसी’च म्हणतो. सिरिंजने एक मायक्रोलिटर सॉल्व्हंट आत सोडायचं. त्याची वाफ होते आणि नायट्रोजन तिला पाव मिलिमीटर व्यासाच्या, 30 मीटर लांब नळीतून ढकलतो. ही नळी म्हणजे कॉलम.

माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून सगळे एकदमच चालू लागतात. पण टपरीटपरीवर रेंगाळणारा बाजारात उशिरा पोचतो. कॉलममध्येही आतल्या लेपात जास्त अडकणारा घटक मागाहून बाहेर येतो, आणि स्क्रीनवर त्याचा पीक उमटतो.

खरी डोकेदुखी झायलीनची. थिनरमधल्या या द्रव्याचे तीन प्रकार. पॅरा-झायलीन 138 अंशांना उकळतं, मेटा 139 ला. उकळबिंदू इतके जवळ, की साध्या कॉलमवर दोघांचा मिळून एकच पीक! 2010 मध्ये चीनमधल्या नानकाई विद्यापीठातल्या संशोधकांनी नळीला आतून ‘मिल-101’चा लेप दिला आणि झायलीनचे तिन्ही प्रकार व एथिलबेंझीन 1.6 मिनिटांत सुटे केले. मिल-101 म्हणजे धातू-सेंद्रिय जाळं: क्रोमियमच्या गाठी, त्यांना जोडणारं टेरेफ्थॅलिक आम्ल आणि मधे पोकळ्या. गंमत म्हणजे हे आम्ल पॅरा-झायलीनपासूनच बनवतात. अशा जाळ्यांवरच्या कामासाठी कितागावा, रॉबसन आणि याघी यांना 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मात्र यातली काही जाळी दमट हवेत मोडतात, त्यामुळे रोजच्या कामाला अजून सिलिकॉनच्या लेपाचेच कॉलम. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अशा जाळ्यांवर संशोधन चालतं. कर्जत-खालापुरातल्या, रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी तिकडे जरूर लक्ष ठेवावं.