विमान नव्हतं, मग नकाशा कसा काढला?



पाचवीला नकाशा शिकवताना एका मुलाने विचारलं, "बाई, विमान नव्हतं तेव्हा वरून कुणी बघितलं?" प्रश्न रास्तच आहे. खरं तर वरून कुणी बघितलंच नाही. कोन मोजले!

१८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक रेषा जमिनीवर साखळीने काटेकोर मोजली. मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरची एकच खूण थिओडोलाइट या कोनमापक यंत्रातून बघितली. एक बाजू आणि दोन कोन कळले की बाकीच्या बाजू गणिताने निघतात. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया! असे त्रिकोण जोडत ते उत्तरेकडे सरकले. १८१५ मध्ये आपल्या शेजारच्या बीदरजवळ, दामरगिद्द्याला, त्यांनी पुन्हा एक रेषा प्रत्यक्ष मोजली.

आपल्याकडे माळरान. किल्ल्यातल्या उपली बुरुजावर चढलं की चौफेर दिसतं. पण दाट जंगलात काय करणार? १८१९ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट कृष्णा-गोदावरीमधल्या येल्लापुरमच्या डोंगराळ जंगलात गेले. नळदुर्गसारखाच तोही भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. एका माथ्यावरून दुसरा दिसावा म्हणून झाडं तोडावी लागत. उन्हाळ्यात हवा धुरकट, म्हणून काम पावसाळ्यात. आणि पावसाळ्यात जंगलात ताप! एव्हरेस्ट यांच्यासकट अख्खी तुकडी आजारी पडली. मलेरिया डासांमुळे होतो हे रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये कळलं, तेही याच राज्यातल्या सिकंदराबादेत.

लॅम्बटन १८२३ मध्ये कामावर असतानाच हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. एव्हरेस्ट यांच्या नावाचं शिखर मुलांना पाठ असतं. अर्धा टन वजनाचं यंत्र डोंगरावर चढवणारे, झाडं तोडणारे खलाशी मात्र पुस्तकात नसतात. मी वर्गात त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जात नाही.

मैदानावर करून बघा. १० मीटर दोरी ताणा. एका टोकावरून समोरचं झाड ९० अंशांत आणि दुसऱ्या टोकावरून ७० अंशांत दिसत असेल, तर पहिल्या टोकापासून झाड सुमारे साडेसत्तावीस मीटरवर. वहीत १ सेंटिमीटरला २ मीटर धरून त्रिकोण काढला की पट्टीनेच उत्तर मिळतं. आता ७० ऐवजी ७१ घ्या. झाड दीड मीटर लांब जातं! आमच्या वर्गात यावरून चांगलंच भांडण झालं, आणि मुलं कोनमापक घेऊन परत मैदानावर पळाली.