साथीत शहराचा कारभार

साथ शहरात शिरली म्हणजे नगरशासनापुढे चमत्कारिक पेच उभा राहतो. माणसांची ये-जा थांबवावयाची. दूध, धान्य, पाणी यांची मात्र थांबू द्यावयाची नाही. राजस्थानातील भिलवाडा या कापडउद्योगाच्या शहरावर असा प्रसंग मार्च २०२० मध्ये आला. एका खाजगी रुग्णालयातील डॉक्टरांना कोविडची बाधा झाल्याचे आढळताच २० मार्चला संचारबंदी पुकारण्यात आली. त्या रुग्णालयात दूरदूरचे रोगी येऊन गेले होते. आणि विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १४ दिवसांपर्यंत अवधी जाऊ शकतो. म्हणून रोगी येण्याची वाट न पाहता पथके घरोघर जाऊन ताप-खोकल्याची चौकशी करू लागली. ३ एप्रिलपासून किराणा दुकानेही बंद झाली, तेव्हा दूध, भाजी व शिधा दारोदार पोहोचविणे शासनाचेच काम झाले. बाजार बंद करणे हुकुमाने साधते. शिधा पोहोचविण्यास गाड्या, याद्या व माणसे लागतात. ही माणसे व झाडूवाले यांना घरी बसण्याची सोय नव्हती. एप्रिलमध्ये नवे रोगी जवळजवळ थांबले. पुढे मजूर परगावांहून परतू लागले, तेव्हा चौकशीची पथके पुन्हा दारोदार फिरू लागली.