मृगाला हैदराबादला निघालात? पंप बॅगेत नको, अंगावर ठेवा

मंडळी, १ जूनला बंदी लागली. होड्या वर ओढल्या, शाकारल्या. ३१ जुलैपर्यंत जाळी आणि इंजिनाची कामं चालूच राहतील, पण घरच्यांना घेऊन कुठे जायचं तर हेच दिवस. ज्यांच्या घरी दमा आहे, त्यातले काहीजण मृग नक्षत्र लागलं की हैदराबाद गाठतात, बत्तिनी गौड कुटुंबाचा मासळीचा प्रसाद घ्यायला.

७-८ जूनच्या सुमारास नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर हा प्रसाद देतात. जिवंत मरळीच्या पिल्लाच्या तोंडात औषधाची गोळी भरतात आणि ते पिल्लू तसंच गिळायचं. मरळ हवेतला श्वास घेते, म्हणून रांगेत हातातल्या पिशवीभर पाण्यातही ती तग धरते. शाकाहारी माणसाला गुळातून देतात.

या प्रसादाने दमा जातो याचा वैद्यकीय पुरावा नाही. श्रद्धा असेल त्याने जरूर जावं. पण "आता प्रसाद घेतलाच आहे" म्हणून रोजचा पंप बंद करणं म्हणजे वादळाची सूचना असताना वायरलेस बंद करून समुद्रात जाणं. मुलाला धाप लागलेली असेल तर त्या वेळी त्याला मासा गिळायला लावू नका. आधी पंप, मग डॉक्टर.

म्हणून सामानात पहिला पंप. आणि तो सीटखालच्या बॅगेत नको, ज्याला दमा आहे त्याच्या खिशात किंवा आईच्या पर्समध्ये. गर्दीत बॅग एकीकडे, माणूस दुसरीकडे होतं. दुसरा पंप जास्तीचा, वेगळ्या माणसाकडे.

कॅप्सूल फोडून ओढायची पावडर असेल, तर पावसात जास्त जपायला लागतं. दमट हवेने पावडरीच्या गुठळ्या होतात आणि छातीत पोचायचं औषध तिथेच राहतं. कॅप्सूल तिच्या पाकिटातून किंवा डबीतून ऐन वेळीच काढायची, आदल्या रात्री भरून ठेवायची नाही. यंत्र धुतलं तर पूर्ण सुकू द्या. बोटीचे कागद आपण झाकणाच्या बरणीत ठेवतो ना? तशीच एक छोटी बरणी औषधांना करा. डॉक्टरची चिठ्ठी तिच्यातच ठेवा, फोटो मोबाईलमध्ये.

कपडे थोडे, पण पटकन सुकणारे. ओल्या कपड्याची पिशवी वेगळी, कारण कुबट वास आणि बुरशी यांनीही दमा उठतो. कोरडी चादर घरचीच न्या. रांगेत छत्रीपेक्षा रेनकोट बरा, छत्री पुढच्याच्या डोळ्यात जाते. आणि नातेवाईकांना बोंबील-सुकट नेणार असाल (नेणारच!), तर घट्ट झाकणाच्या डब्यात. पावसाळी हवेत सुकी मासळी ओल धरते, तिला बुरशी येते, आणि डब्यातल्या बाकीच्या प्रवाशांचाही विचार करा की.

मुंबईहून हुसेनसागर एक्सप्रेस थेट नामपल्लीला जाते, त्या स्टेशनचं नाव हैदराबाद डेक्कन. मुक्काम मलकपेठेत असेल तर मेट्रोची लाल लाईन धरा. मलकपेठहून एमजीबीएस, उस्मानिया मेडिकल कॉलेज, गांधी भवन आणि मग नामपल्ली, चौथं स्टेशन. जोराचा पाऊस झाला की मलकपेठच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबतं, रिक्षा अडकतात. जवळच मुसी नदी आहे. धरणांचे दरवाजे उघडले की मुसारामबागचा जुना पूल बंद करायचे. १९०८ च्या सप्टेंबरमध्ये याच मुसीने हैदराबाद बुडवलं होतं, त्यानंतर उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले. तेव्हा पाणी दिसलं की वाट काढायला जाऊ नका, मेट्रोने फिरा.

रांग तासन् तास चालते आणि प्रसादाआधी काही वेळ उपाशी राहायला सांगतात. ज्यांना साखर आहे त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. परतीचं तिकीट आधीच काढा. मुलाचा पंप रिकामा होत आला असेल तर नवा इथूनच, आपल्या गावच्या मेडिकलमधून घेऊन निघा.