जुन्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर घरच्या घरी बदला



जुनी पेट्रोल गाडी एकाएकी जास्त पेट्रोल पिऊ लागली, काळा धूर सोडू लागली आणि समोर इंजिनचा पिवळा दिवा लागला, तर ऑक्सिजन सेन्सरवर संशय घ्यावा. मिस्त्रीकडे खेप घालण्याआधी हा भाग नेमका काय करतो ते समजून घेऊ.

आपल्या कारखान्याचा बॉयलर डोळ्यांपुढे आणा. बगॅसला हवा कमी पडली की चिमणी काळा धूर ओकते. जास्त झाली की उष्णता चिमणीवाटे फुकट जाते. गाडीचंही तसंच. एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. धुरात ऑक्सिजन किती उरला ते सेन्सर सांगतो आणि त्यावरून गाडीचा संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. १९७६ साली व्होल्वो गाडीत हा सेन्सर प्रथम आला. कार्ब्युरेटरच्या गाडीत तो सहसा नसतो. इंजेक्शनच्या गाडीत असतो.

आपल्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट आहे. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून इंधन थोडं जास्त सोडावं लागतं. हा हिशेब सेन्सरच्या सांगण्यावरून होतो. सेन्सर बिघडला तर हिशेब चुकतो आणि न जळलेलं पेट्रोल पुढच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतं. त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते. म्हणून चालढकल नको.

आधी वायर पाहा. गोठ्याशेजारी, उसाच्या कडेला उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात. सायलेन्सरची नळी फुटली असली तरी सेन्सर चुकीचं सांगतो. स्कॅनर लावून कोड पाहिला तर कोणता सेन्सर, तेही कळतं. कन्व्हर्टरच्या आधीचा मिश्रणाचा हिशेब ठेवतो. नंतरचा असेल तर तो कन्व्हर्टरवर नजर ठेवतो.

आता काम. गाडी सपाट जागी लावून इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची ऋण तार सोडा. खाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नका. भक्कम स्टँड लावा. सेन्सरचा प्लग खटका दाबून सोडवा. आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबा, मग पाना लावा. बहुतेक ठिकाणी २२ मिलिमीटरचा चालतो. हललाच नाही तर जबरदस्ती करू नका. आटे गेले तर नळीच बदलावी लागते. अशा वेळी मिस्त्रीला बोलवा.

नवा सेन्सर त्याच क्रमांकाचा घ्या. टोकाला तेल, ग्रीस किंवा सिलिकॉन लागू देऊ नका. आट्यांना आधीच लेप असेल तर आणखी लावू नये. प्रथम हातानेच फिरवून बसवा, मग गाडीच्या पुस्तकात सांगितलं तेवढाच आवळा. वायर गरम नळीला टेकणार नाही अशी बांधा, प्लग आणि बॅटरी जोडा, कोड पुसा. दिवा पुन्हा लागला, तर दोष दुसरीकडे आहे असं समजा.

काढलेला सेन्सर लगेच फेकू नका. त्याच्या टोकावरची काजळी मिस्त्रीला दाखवा. इंजिनचं दुखणं कुठे आहे, ते त्यावरून त्याला ताडता येतं.