एकाच कॉर्डमध्ये दोन गंधार

जिमी हेंड्रिक्सचं ‘पर्पल हेझ’ (१९६७) शिकायला घेतलं, की नवशिक्या गिटारवादकाची बोटं हमखास अडतात ती ‘ई सेव्हन शार्प नाईन’ या कॉर्डपाशी.

मांडणी अशी: पाचव्या तारेवर सातव्या फ्रेटला मधलं बोट, चौथीवर सहाव्याला तर्जनी, तिसरीवर सातव्याला अनामिका, दुसरीवर आठव्याला करंगळी. पहिली तार वाजवायची नाही.

‘ई’ला सा मानलं, तर इथे शुद्ध गंधार आणि त्याच्या वर कोमल गंधार एकदमच वाजतात. राग जोगमध्येही दोन्ही गंधार आहेत, पण ते एकामागून एक येतात. या कॉर्डचा खरखरीत ताण दोन गंधारांच्या टकरीतूनच येतो.

डॉमिनंट सेव्हन्थ कॉर्डचा पाचवा किंवा नववा स्वर अर्धा स्वर वर-खाली सरकवला, की ती ‘ऑल्टर्ड’ होते; आपली कॉर्ड त्यातलीच. जॅझमध्ये ती बहुधा पुढच्या कॉर्डकडे ओढ लावते. हेंड्रिक्स मात्र तिच्यावरच ठाण मांडतो.

ती ओढ ऐकायचा सराव सोपा आहे. बाकीचे स्वर तसेच ठेवून दुसऱ्या तारेवर आठव्यावरून सहाव्या फ्रेटला यायचं, मग त्याच तारेवर पाचवा फ्रेट घेत ए मायनर. जी, एफ, ई अशी उतरती ओळ स्पष्ट ऐकू येते.

बोटं कुठे अडतात? कमेंटमध्ये जरूर विचारा.