फिलर जास्त झालं, आता पुढे काय?



लग्नसराई जवळ आली की आपल्या घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शालू, दागिने, हॉल आणि केटरर यांची चर्चा सुरू होते. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका विषयाची भर पडली आहे, ती म्हणजे 'फेस ट्रीटमेंट'. आई-मावशीच्या वेळी डाळीचं पीठ, हळद आणि दुधाची साय एवढ्यावर काम भागायचं. आता इंदूर असो, बडोदा असो की बेळगाव, मोठ्या रस्त्यावर एक तरी स्किन क्लिनिक असतंच. तिथे ओठ भरून मिळतात, गाल उचलून मिळतात आणि डोळ्यांखालचे खड्डे बुजवून मिळतात. याला म्हणतात फिलर.

फिलर कसं करून घ्यावं हे सांगणाऱ्या रील्स ढिगाने सापडतात. ते जास्त झालं, चेहरा ओळखीचा वाटेनासा झाला तर काय करायचं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात कुठलाही बदल लाइव्ह करण्याआधी एक प्रश्न विचारावाच लागतो: बिघडलं तर मागे कसं यायचं? चेहऱ्याच्या बाबतीतही हा प्रश्न विचारायला हवा, म्हणून हा लेख.

फिलर म्हणजे नेमकं काय?

आधी एक गोंधळ दूर करू. बोटॉक्स वेगळं आणि फिलर वेगळं. बोटॉक्स स्नायू सैल करतं, तर फिलर त्वचेखाली जाऊन जागा भरतं. आज सर्वाधिक वापरलं जाणारं फिलर हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं असतं. नावात अ‍ॅसिड असलं तरी घाबरू नका, हा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांत मुळातच असतो. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर या दोघांनी तो गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून पहिल्यांदा वेगळा केला. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरात तो साधारण १५ ग्रॅम असतो आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा रोज मोडून नव्याने तयार होतो.

म्हणजे हा पदार्थ जसाच्या तसा टोचला तर थोड्याच दिवसांत नाहीसा होईल. म्हणून कंपन्या त्याच्या लांब साखळ्या रसायनाने एकमेकींना बांधतात आणि त्याची जेली बनवतात. ही जेली पाणी धरून ठेवते आणि लवकर विरत नाही. अमेरिकेत अशा पहिल्या फिलरला, रेस्टिलेनला, डिसेंबर २००३ मध्ये परवानगी मिळाली.

एका सिरिंजमध्ये साधारण १ मिलिलिटर जेली असते. घरातल्या चहाच्या चमच्यात ५ मिलिलिटर मावतं. म्हणजे पाच सिरिंज मिळून एक चमचा! ऐकायला हे फारच थोडं वाटतं, पण ओठासारख्या लहान जागेत अर्धा-एक मिलिलिटरनेही पुष्कळ फरक पडतो.

'जास्त' कसं होतं?

एका दिवसात कोणाचाच चेहरा बिघडत नाही. पहिल्या वेळी थोडं भरलं, छान दिसलं. महिन्याभरात डोळ्यांना त्या नव्या चेहऱ्याची सवय झाली आणि तोच 'नॉर्मल' वाटू लागला. मग आणखी थोडं. 'फ्रेंड्स' मालिकेतली मोनिका आठवते ना? ती भूमिका करणाऱ्या कोर्टनी कॉक्सने २०१७ मध्ये एका मुलाखतीत हेच मोकळेपणाने सांगितलं होतं. दर वेळी थोडं-थोडं करत गेलं की आपण वेगळे दिसू लागलो आहोत हे आपल्यालाच कळत नाही. शेवटी तिने सगळे फिलर विरघळवून टाकले.

दुसरं कारण हिशोबाचं आहे. फिलर वर्षभरात आपोआप जातं, असं क्लिनिकमध्ये बहुधा सांगतात. ऑस्ट्रेलियातले रेडिओलॉजिस्ट डॉ. मोबिन मास्टर यांनी फिलर घेतलेल्या लोकांचे एमआरआय तपासले, तेव्हा कित्येक वर्षांपूर्वीचं फिलरही गालात दिसलं. जुनं शिल्लक असताना दर वर्षी वरून नवं 'टॉप-अप' केलं, तर बेरीज वाढतच जाणार.

तिसरं कारण आपल्या हातातला फोन. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने गणिताने दाखवलं की १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक, ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे दोष लेन्सच्या अंतराचा आणि इंजेक्शन चेहऱ्याला!

जास्त झालेलं ओळखायच्या काही खुणा आहेत. ओठांतली जेली कडेबाहेर सरकते आणि वरच्या ओठावर मिशीच्या जागी फुगवटा येतो. डोळ्यांखाली जेली फार वर बसली तर त्वचेला निळसर झाक येते. गाल इतके भरतात की हसताना डोळे बारीक होऊन चेहरा उशीसारखा गोल दिसतो. फोटोत नीट दिसणारा चेहरा बोलताना, हसताना वेगळाच वाटू लागतो.

उलटं फिरवणारं इंजेक्शन

हायलुरॉनिक अ‍ॅसिडच्या फिलरची एक मोठी जमेची बाजू आहे. ते विरघळवता येतं. त्यासाठी हायलुरॉनिडेज नावाचं एन्झाइम टोचतात. हे एन्झाइम जेलीच्या साखळ्या कात्रीसारख्या कापतं आणि उरलेले तुकडे शरीर वाहून नेतं. औषध नवं नाही. इतर औषधं ऊतींमध्ये लवकर पसरावीत म्हणून डॉक्टर ते पूर्वीपासून वापरत आले आहेत, डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी भुलीच्या इंजेक्शनबरोबरही. फिलर विरघळवणं हा त्याच्या मूळ परवान्यातला उपयोग नव्हे, पण त्वचारोगतज्ज्ञांमध्ये तो आता रुळलेला आहे.

परिणाम काही तासांत सुरू होतो आणि एक-दोन दिवसांत बराचसा दिसतो. मात्र ते रबराने पेन्सिल खोडण्याइतकं सोपं नाही. टोचताना दुखतं, नंतर सूज येते, काळं-निळं पडतं. उर्फी जावेदने जुलै २०२५ मध्ये ओठांचं फिलर विरघळवतानाचा व्हिडिओ टाकला, तेव्हा तिचा सुजलेला चेहरा पाहून लोकांनी टिंगल केली. खरं तर तिने एक उपकारच केला. रील्समध्ये एरवी फक्त 'आधी' आणि 'नंतर' दिसतं, तिने मधले दिवस दाखवले. फिलरला आपला विरोध नाही, पण ते चांगल्या डॉक्टरकडूनच करून घ्या, हेही तिने सांगितलं.

या एन्झाइमची काहींना अ‍ॅलर्जी होऊ शकते. मधमाशीच्या विषातही हायलुरॉनिडेज असतं, त्यामुळे मधमाशी चावून कधी मोठी रिअ‍ॅक्शन आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. हे एन्झाइम आपलं स्वतःचं हायलुरॉनिक अ‍ॅसिडही थोडं कापतं, पण त्याचा अंमल थोडाच वेळ टिकतो आणि शरीर ते पुन्हा बनवतं. ताणलेली त्वचा मात्र लगेच आवळत नाही. सुरुवातीला चेहरा ओघळल्यासारखा, रिकामा वाटू शकतो.

एका मैत्रिणीची गोष्ट

तिच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. लग्नाआधी तिने ओठ आणि गाल भरून घेतले, मग दोन वर्षं टॉप-अप चालू राहिलं. हसली की तिच्या उजव्या गालावर खळी पडायची, अगदी तिच्या वडिलांसारखी. वडील गेल्यानंतर घरी येणारं प्रत्येक माणूस हेच म्हणायचं, "अगदी बाबांवर गेलीस गं!" फिलरनंतर ते वाक्य हळूहळू बंद झालं. तिच्या लक्षात यायलाही वेळ लागला. एका दिवाळीला आजी म्हणाली, "तू हसतेस बाळा, पण तुझ्या बाबाचं हसू कुठे गेलं?"

ती पूर्वीच्या क्लिनिकमध्ये परत गेली नाही. एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेली. त्यांनी सर्वांत आधी फिलरच्या पूर्वीचे फोटो मागवले, तेही मेकअप नसलेले, हसतानाचे. मग सोनोग्राफी करून जेली कुठे आणि किती आहे ते पाहिलं. सगळं एकदम काढलं नाही. आधी थोडा डोस दिला, तीन आठवडे थांबल्या, मग उरलेलं काढलं. पहिल्या आठवड्यात तिने आरशावर ओढणी टाकून ठेवली होती. "पाच वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी वाटतेय," असं फोनवर म्हणाली आणि रडली. डॉक्टरांनी तिला आधीच बजावलं होतं की या दिवसांत नवं काही भरायचा निर्णय घ्यायचा नाही. दोन महिन्यांनी तिने आम्हाला ग्रुपवर फोटो पाठवला. खळी परत आली होती. तिला पुन्हा काही भरावंसं वाटलं नाही. एखादीला थोडंसं भरावंसं वाटलं तर त्यातही काही वावगं नाही, फक्त मध्ये किमान दोन आठवडे जायला हवेत.

जे विरघळत नाही ते

आता सर्वांत महत्त्वाचं. हे एन्झाइम फक्त हायलुरॉनिक अ‍ॅसिडवर चालतं. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपटाइट, पॉलि-एल-लॅक्टिक अ‍ॅसिड, पीएमएमए ही वेगळी फिलर आहेत, त्यांच्यावर ते चालत नाही. चेहऱ्यात टोचलेलं सिलिकॉन तर कायमचं, काढायचं झालं तर शस्त्रक्रियाच करावी लागते आणि तीही अवघड. त्यामुळे चेहऱ्यात काय जातंय हे न विचारता खुर्चीत बसू नका.

करून घेणाऱ्यांनी एवढं पाहावं:

१. डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहेत ना? त्यांची नोंदणी मेडिकल कौन्सिलच्या यादीत तपासता येते. पार्लरमध्ये किंवा कोणाच्या घरी फिलर अजिबात नको.

२. खोकं समोर उघडायला सांगा. त्यावरचा नाव आणि बॅच नंबरचा स्टिकर मागून घ्या आणि लग्नाच्या अल्बमइतका जपून ठेवा. पुढे काढायची वेळ आली तर डॉक्टरांना तोच उपयोगी पडेल.

३. हायलुरॉनिडेज क्लिनिकमध्ये आत्ता आहे का, हे विचारा. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तेच तातडीने लागतं. टोचल्यावर त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर पडली, असह्य दुखू लागलं, तर उद्यावर ढकलू नका, त्याच क्षणी डॉक्टर गाठा. नजर अंधुक झाली तर मिनिटांचाही प्रश्न असतो.

४. लग्नाच्या आठ दिवस आधी पहिला प्रयोग नको. काढायचं असेल तरीही हातात दोन-तीन महिने ठेवा.

आणि घरच्यांनी?

पुष्कळदा याची सुरुवात क्लिनिकमध्ये नाही, आपल्याच दिवाणखान्यात होते. "नाक जरा बसकं आहे", "ओठ फारच पातळ", "फोटोत गाल बसलेले दिसतात" असं स्थळ बघताना आपण सहज बोलून जातो. मुलगी ते विसरत नाही, आणि हल्ली मुलगेही विसरत नाहीत. मग चेहरा फुगला की तेच लोक चेष्टा करतात. दोन्ही टाळता येण्यासारखं आहे.

कोणी फिलर उतरवत असेल तर त्या आठ-दहा दिवसांत तिला "काय गं, काय झालं तोंडाला?" असं विचारू नका. डॉक्टरांकडे सोबत जा, बर्फाचा शेक द्यायचा का ते त्यांना विचारून घ्या, घरचे कार्यक्रम थोडे पुढे ढकला. आणि कपाटातून जुना अल्बम काढून द्या. आपला मूळ चेहरा कसा होता हे डॉक्टरांना त्यातूनच कळतं, आणि कधीकधी ज्याचा चेहरा आहे त्यालाही.