खराडीचें गांवठाण व त्याच्या इतिहासाचीं साधनें

पुण्याच्या पूर्वेस नगर रस्त्यालगत, मुळा-मुठेच्या उत्तर तीरावर खराडी हें गांव आहे. एके काळीं शेतीवर जगणारें हें गांव १९९७ सालीं पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें आणि आज तेथें संगणक-व्यवसायाच्या उंच इमारती उभ्या आहेत. अशा गांवाचा इतिहास कोठें शोधावा, याचें दिग्दर्शन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ता. १६ व १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं येरवड्याजवळ आणि ता. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवीं लढाया झाल्या. खराडी या दोन्ही रणभूमींच्या मधल्या वाटेवर आहे. परंतु अशा लढायांच्या हकीकतींत वाटेवरच्या गांवची रयत दिसत नाहीं. तिच्याकरितां निराळीं साधनें पाहिलीं पाहिजेत.

पहिलें साधन कागद. गोतसभेच्या महजरांवर पाटलाची निशाणी नांगर असे. बलुतेदार आपापल्या हत्यारांचीं चिन्हें काढीत. एकाच पत्रावरून गांवांत कोण नांदत होतें व कोणास कोणता हक्क होता, हें कळतें. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० पासून ४५ भागांत छापविले. तरी गांवोगांवचे मोडी कागद घरोघरच्या पेट्यांतूनही असतात.

दुसरें साधन दगड. वीरगळाच्या खालच्या चौकटींत युद्ध, मधल्या चौकटींत वीरास स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा व वर शिवलिंगाची पूजा कोरलेली असते. माथ्यावरील चंद्रसूर्य कीर्तीचें चिरंतनत्व सुचवितात. कोपरांत वांकलेला, बांगड्या ल्यालेला हात दिसल्यास ती सतीशिळा समजावी. लेख नसला तरी असा दगड मुका नसतो.

तिसरें साधन चाली. पाटीलकीचें पद १९६२ च्या कायद्यानें गेलें. परंतु पोळ्याचा पहिला बैल कोणाचा, पालखीस पहिला खांदा कोणाचा, या मानापानांत जुनी वतनव्यवस्था कायद्यामागेंही टिकून राहते.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. ‘खराडी’ व ‘खरादी’ या शब्दांच्या ध्वनिसाम्यावरून हें कांतकाम करणाऱ्यांचें गांव असावें, असें कोणास सुचेल. परंतु जुन्या कागदांतील नांवाचें रूप पाहिल्यावांचून असा निर्णय करूं नये.

शेत विकलें तरी त्याचा नकाशा सरकारीं राहतो. पण देवळाच्या जीर्णोद्धारांत पायांत गेलेला दगड, किंवा घर पाडतांना रद्दींत गेलेला रुमाल पुनः हातीं येत नाहीं. म्हणून खराडीच्या जुन्या घराण्यांस आमची विनंति अशी कीं, दगड जागचा हलविण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र व माप घ्यावें, कागद मोडी जाणणाऱ्यास दाखवावेत आणि वृद्धांच्या तोंडची माहिती तारीख घालून लिहून ठेवावी. इतकें झालें तरी गांवाचा इतिहास गांवाच्याच हातीं राहील.